एअर-कूल्ड पोर्शे 911 चं ऑइल परत परत गळतंय? आधी पुठ्ठा अंथरा, पाना नंतर

जुनी एअर-कूल्ड, म्हणजे हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची पोर्शे 911 नवीनच घेतलीय, रोज सकाळी गाडीखाली एक काळा ठिपका दिसतोय, मग तुम्ही एक गॅस्केट बदललं, आठ दिवस बरे गेले आणि ठिपका परत हजर, तोही त्याच जागी. असं होत असेल तर घाबरू नका, बहुतेक सगळ्यांचं होतं. मी स्वतः एकाच गळतीवर तीनदा काम केलंय. दोनदा चुकीचाच पार्ट बदलला आणि तिसऱ्यांदा पार्ट बरोबर होता पण बसवताना माती खाल्ली. त्या उद्योगातून जे कळलं ते पहिल्यांदाच हात काळे करणाऱ्यांसाठी क्रमाने लिहितोय.

आधी थोडं इंजिनाबद्दल, कारण ते कळल्याशिवाय गळती सापडत नाही. 1964 ते 1998 पर्यंत 911 मध्ये हे एअर-कूल्ड फ्लॅट-सिक्स (दोन्ही बाजूंना तीन-तीन आडवे सिलिंडर) होतं. नाव एअर-कूल्ड असलं तरी थंड करायचं अर्धं काम ऑइलच करतं, म्हणून तर यात दहा लिटरच्या वर ऑइल लागतं. शिवाय ड्राय संप आहे, म्हणजे ऑइल इंजिनाच्या पोटात साठत नाही, मागच्या उजव्या चाकाजवळच्या वेगळ्या टाकीत असतं, आणि पंप ते खेचून परत टाकीत पाठवत राहतो. आता पाण्यावर थंड होणाऱ्या साध्या इंजिनात एक अख्खा ब्लॉक असतो, इथे मात्र क्रँककेसचे दोन अर्धे, त्यावर सहा सुटे सिलिंडर, सहा सुटे हेड, दोन्ही बाजूंना कॅम हाउसिंग (व्हॉल्व्ह चालवणारा कॅमशाफ्ट यात असतो), त्याच्या चेनचे बॉक्स, ऑइल परत खाली आणणाऱ्या चार नळ्या, आणि प्रत्येक सांध्यावर कुठे गॅस्केट, कुठे ओ-रिंग, कुठे नुसता सीलंट. धातूही वेगवेगळे, 1968 ते 1977 च्या बहुतेक मॉडेलांत केस मॅग्नेशियमची, नंतर अॅल्युमिनियमची, स्टड स्टीलचे. गाडी तापली की प्रत्येक धातू आपापल्या हिशोबाने फुगतो, गार झाली की आक्रसतो. निदान पंचवीस वर्षं हे चाललंय म्हटल्यावर रबर कडक होणारच ना.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मागचा तो मोठा पंखा हवा वरून खाली ढकलतो, सिलिंडरांवरून ती खाली बाहेर पडते, आणि वर कुठेतरी पाझरलेलं ऑइल त्या हवेबरोबर खाली, मागे, बाजूला असं कुठेही पसरतं. थेंब जिथून पडतो तिथे गळती असेलच असं नाही, बऱ्याचदा ती त्याच्या वर असते, कधीकधी तर वीतभर लांब. आपण खाली झोपतो, डोळ्यासमोरचा ओला नट दिसतो, तो आवळतो आणि खूश होऊन गाडी खाली घेतो. माझी पहिली दोन कामं अशीच वाया गेली.

पायरी 1 : ऑइलची लेव्हल बघा

हसू नका, इथे खूप जण फसतात. या गाडीत लेव्हल थंड इंजिनावर बघायची नाही. गाडी सपाट जागी लावा, इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, आयडलवर चालू ठेवा आणि तसंच चालू असताना टाकीची डिपस्टिक काढून बघा. थंड बंद इंजिनावर कमी दिसतं, माणूस वर ओतत राहतो, टाकी जास्त भरते, मग ते जादा ऑइल ब्रीदरच्या (आतला वायू बाहेर सोडणाऱ्या) पाइपातून एअर क्लीनरमध्ये जातं, धूर येतो, सगळीकडे चिकट होतं, आणि आपण गळती शोधत बसतो जी मुळात नाहीच. गरम असताना खुणांच्या मधोमध आलं की पुरे, वरच्या खुणेपर्यंत भरायचा हट्ट नको.

(1972 च्या मॉडेलमध्ये ऑइल भरायचं झाकण उजव्या बाजूला बाहेरच होतं, दाराच्या मागे. पंपावरचे लोक त्यात पेट्रोल ओतायला लागले म्हणून एका वर्षातच ते परत आत गेलं. ऑइलच्या टाकीचा गोंधळ जुनाच आहे.)

आणखी एक, गाडी महिना-दोन महिने उभी असेल तर टाकीतलं ऑइल हळूहळू पंपातून इंजिनात उतरतं आणि एरवी जिथे ऑइल साठतच नाही तिथे साठून पाझरायला लागतं. त्यामुळे बऱ्याच दिवसांनी काढलेल्या गाडीखालचा डाग बघून लगेच निदान करू नका. सुरू करताना थोडा निळा धूरही येईल, फ्लॅट इंजिनात ते होतंच. दोन-तीनदा नीट चालवा, मग बघा.

पायरी 2 : धुवा, आणि खरंच धुवा

तेलकट इंजिनावर गळती शोधणं म्हणजे चिखलात सांडलेला चहा शोधणं. इंजिन थंड असताना डीग्रीझर मारा, ब्रशने घासा, कोपऱ्यातला काळा थर खरवडा. अल्टरनेटर, इग्निशनचे भाग, इंजेक्शनच्या वायरी यांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधा आणि पाण्याचा प्रेशर जेट थेट मारू नका. खालून काम करताना गाडी स्टँडवरच हवी, नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही, घाईत तर अजिबातच नाही.

या धुण्याला मला अख्खी दुपार लागली. पण पहिल्यांदाच कळलं की ज्याला मी क्रँककेसचा रंग समजत होतो तो जुना चिकटा होता.

पायरी 3 : पावडर आणि पुठ्ठा

सगळं सुकलं की संशयाच्या सांध्यांवर पायाला मारायचा पांढरा पावडर स्प्रे मारा, पातळ थर पुरे. वीसेक मिनिटं गाडी चालवा, ऑइल चांगलं तापलं पाहिजे, नुसतं गेटपर्यंत जाऊन यायचं नाही. परत आल्यावर टॉर्च घेऊन बघा, पांढऱ्यावर पहिली काळी रेघ जिथे उमटलीय तिथे गळती. हळू गळती असेल तर ऑइलमध्ये यूव्ही डाय टाका, दोन-तीन दिवस चालवा आणि अंधारात यूव्ही टॉर्चने बघा, हिरवट चमकतं.

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथरा आणि त्यावर चाकांच्या जागा पेनने आखा, म्हणजे रोज पुठ्ठा त्याच जागी येतो. तारीख टाका. आठवड्याभरात ठिपक्यांचा नकाशा तयार होतो, कुठला ठिपका रोजचा आणि कुठला फक्त लांब फेरीनंतरचा ते दिसतं. दुरुस्तीनंतर हाच पुठ्ठा परत लागणार आहे, फेकू नका.

ठिपका इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधून पडत असेल तर बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो आणि ते जास्त जाड असतं. तसं असेल तर गळती गिअरबॉक्सच्या सीलची, इंजिनाला दोष देऊ नका.

पायरी 4 : सोपं आधी

नियम साधा ठेवा, वरून खाली या आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि गळती थांबली तर कशामुळे थांबली ते कळत नाही, आणि नाही थांबली तर आणखीच गोंधळ.

ड्रेन प्लगचा वॉशर दर वेळी नवा, जुना दाबला गेलेला असतो, परत बसत नाही. फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरची रबर रिंग फिटिंगला चिकटून राहिलीय का बघा, दोन रिंगा एकावर एक बसल्या की ऑइलचा पाऊस पडतो. टाकीला जाणारे जाड रबरी पाइप हाताने दाबून बघा, बाहेरून बरे दिसतात पण क्लॅम्पच्या कडेला भेगा असतात. ज्या गाड्यांना खाली जाळीची संप प्लेट आहे तिथे दोन्ही गॅस्केट नवी घाला आणि नट हलक्या हाताने, आडवे-तिरपे फिरत आवळा.

आता व्हॉल्व्ह कव्हर. खालची कव्हर्स गळणं हा या इंजिनाचा जणू स्वभावच. कव्हर काढताना खाली ट्रे ठेवा, रात्रभर उभ्या गाडीतूनही कपभर ऑइल निघतं. पृष्ठभाग प्लास्टिकच्या खरवडणीने साफ करा, स्क्रूड्रायव्हरने अॅल्युमिनियमवर ओरखडा पडला की तीच पुढची गळती. मग कव्हर सपाट आहे का ते तपासा. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरा, कव्हर त्यावर उलटं ठेवून चार-पाच वेळा गोल फिरवा आणि बघा. माझ्या कव्हरच्या दोन्ही टोकांना धातू चकाकायला लागला आणि मधला जवळजवळ निम्मा भाग तसाच मळका, पेपर तिथे टेकलाच नव्हता. म्हणजे मध्ये फट, आणि ती माझ्याच कृपेने, कारण मागच्या वेळी गळतंय म्हणून मी टोकाचे नट जीव लावून आवळले होते. पातळ मॅग्नेशियमची जुनी कव्हर्स अशी हमखास वाकतात, म्हणून बरेच जण खाली जाड अॅल्युमिनियमची टर्बोवाली कव्हर्स लावतात.

टॉर्क साधारण 8 न्यूटन मीटर. हे किती कमी आहे हे हाताला पटत नाही, छोटा टॉर्क रेंच घ्याच. मधून सुरुवात करून बाहेर जा, दोन फेऱ्यांत. गॅस्केटवर सिलिकॉन थापू नका, आत पिळून निघालेला तुकडा सुटून ऑइलच्या वाटेत अडकला तर गळतीपेक्षा महागात पडेल.

कव्हर उघडलंच आहे तर व्हॉल्व्हची गॅप बघून घ्या, थंड इंजिनावर 0.1 मिलिमीटर. खालच्या कव्हरमध्ये एखादा नट किंवा स्टडचा तुकडा पडलेला दिसला तर तिथेच थांबा. हेड स्टड तुटलाय, डिलावार (एका खास मिश्रधातूच्या) स्टडच्या इंजिनांत हे होतं, आणि मग विषय गॅस्केटच्या बराच पुढे गेला.

पायरी 5 : रॉकर शाफ्ट

ही गळती फार लोकांना माहीतच नसते. व्हॉल्व्ह दाबणारे बारा रॉकर, प्रत्येकाचा आपला छोटा शाफ्ट, आणि शाफ्टचं भोक कॅम हाउसिंगमधून आरपार बाहेर निघतं. शाफ्ट आतला बोल्ट आवळला की फुगून भोकात घट्ट बसतो, सील असं काही मुळात नाहीच, नुसत्या घट्टपणावर काम चालतं. वर्षानुवर्षांनी तिथून ऑइल झिरपतं आणि कव्हरच्या कडेने ओघळतं, आपण मात्र कव्हरचं गॅस्केट बदलत राहतो. माझी तीनदा केलेली गळती हीच होती.

उपाय म्हणजे आरएसआर (911 चं रेसिंग मॉडेल) सील, शाफ्टच्या टोकाजवळच्या खोबणीत बसणाऱ्या छोट्या रबरी रिंगा. त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉप डेड सेंटरला, म्हणजे अगदी वरच्या टोकाला आणा म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आणि रॉकर सैल. 5 मिलिमीटरच्या अॅलन कीने बोल्ट ढिला करा, शाफ्ट बाहेर काढा. कुठला शाफ्ट कुठल्या रॉकरचा ते लिहून ठेवा, अदलाबदल नको. रिंगा बसवा, ऑइल लावा, शाफ्ट सरकवा.

आणि इथे मी माती खाल्ली होती. शाफ्ट बरोबर मधोमध हवा, दोन्ही टोकांच्या खोबण्या हाउसिंगच्या भोकाच्या आत सारख्या अंतरावर. माझा एक-दीड मिलिमीटर एका बाजूला सरकला होता, रिंग एका टोकाला जवळजवळ बाहेरच आली होती, वरून सगळं छान दिसत होतं. कॅलिपरने दोन्ही बाजू मोजा, मग 18 न्यूटन मीटरने आवळा, मग परत मोजा, कारण आवळताना शाफ्ट हलतो.

पायरी 6 : ऑइल रिटर्न ट्यूब

केबिनमध्ये हीटर लावला की जळक्या तेलाचा वास येतो? मग खालच्या चार नळ्यांवर संशय घ्या. प्रत्येक बाजूला दोन, कॅम हाउसिंगमधलं ऑइल क्रँककेसमध्ये आणणाऱ्या. त्या हीट एक्स्चेंजरच्या अगदी जवळून जातात, आणि केबिनची गरम हवा त्याच एक्स्चेंजरवरून येते. नुसता वास असतो तोपर्यंत ठीक, पण गरम एक्झॉस्टवर ऑइल ठिबकणं हा आगीचा धोका आहे, हे काम पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

मूळ नळ्या अखंड असतात आणि इंजिन उघडल्याशिवाय निघत नाहीत. म्हणून दोन तुकड्यांच्या, एकात एक सरकणाऱ्या नळ्या मिळतात. जुनी नळी चिमटून किंवा कापून काढायची, नवी आखडून जागेवर धरायची, लांबवायची आणि मधली लॉक रिंग बसवायची. कापताना धातूचा कीस आत पडू देऊ नका, भोकात चिंधी कोंबा आणि नंतर ती काढायचं विसरू नका. (हो, विसरतात.)

माझ्या जुन्या नळीची ओ-रिंग गोल राहिलीच नव्हती, चौकोनी झाली होती, आणि नखाने ओढली तर वाळलेल्या शेंगेसारखी कट्‌कन तुटली. नवी व्हायटॉनची घ्या, उष्णता झेपते. दोन्ही टोकांची मापं वेगळी असतात, किटमधून काढून आधी जुळवून बघा. ऑइल लावून सरळ दाबा, पिळून घातली की कड कापली जाते.

इथे पोचायला बहुतेक गाड्यांत हीट एक्स्चेंजर उतरवावे लागतात आणि खरी परीक्षा तिथेच, कारण एक्झॉस्टचे नट गंजून स्टडशी एकजीव झालेले असतात. दोन-तीन दिवस आधीपासून रोज संध्याकाळी पेनेट्रेटिंग ऑइल मारा, गरज पडली तर नट तापवा, आणि पाना अडला की जोर लावण्याऐवजी मागे-पुढे करत सोडवा. स्टड तुटला तर एका दुपारचं काम दोन आठवड्यांवर जातं. तापवण्याआधी सगळीकडचं तेल आणि डीग्रीझर पुसून घ्या आणि हाताशी अग्निशामक ठेवा.

पायरी 7 : वरचा त्रिकोण

इंजिनाच्या वर, गिअरबॉक्सकडच्या टोकाला, पंख्यामागच्या अंधारात तीन गोष्टी शेजारी शेजारी आहेत, ऑइलचा थर्मोस्टॅट, ऑइल प्रेशरचा सेन्सर आणि क्रँककेस ब्रीदरचं कव्हर. जाणकार लोक याला मृत्यूचा त्रिकोण म्हणतात, पार्ट स्वस्त पण हात पोचत नाही म्हणून. तिथून पाझरलेलं ऑइल खाली फ्लायव्हीलच्या जवळ ठिबकतं आणि बघणारा लगेच सांगतो, मेन सील गेलंय, इंजिन उतरवा. एका नामांकित म्हणवणाऱ्या गॅरेजने मला हेच सांगितलं होतं. आरसा आणि छोटा कॅमेरा आत घालून बघितलं तर ब्रीदरच्या कव्हरची कड ओली आणि खालचा सांधा कोरडा.

इंजिन पूर्ण उतरवायची गरज नसते, गिअरबॉक्ससकट मागून थोडं खाली झुकवलं की हाताला जागा होते. पण कुठले पाइप, केबल, वायरी ताणल्या जातील त्याची यादी मॅन्युअल बघून आधीच करा. आत हात गेला की तिन्ही एकदमच करा, एका वेळी एकच गोष्ट हा माझा वरचा नियम इथे मोडा. तिथे परत जायची इच्छा कोणालाच नसते.

पायरी 8 : इंजिन उतरवल्यावरच होणारी कामं

क्रँकचं फ्लायव्हीलकडचं सील, इंटरमीडिएट शाफ्टचं कव्हर, केसचे थ्रू बोल्ट, 8 नंबरच्या बेअरिंगची ओ-रिंग. त्यातली ही शेवटची तर केस उघडल्याशिवाय बदलताच येत नाही. थोडं पाझरत असेल तर लेव्हलवर नजर ठेवा आणि ते काम इंजिन दुसऱ्या कारणाने उघडेल तेव्हासाठी राखून ठेवा. केसचे अर्धे जोडताना बाजारातलं कुठलंही सिलिकॉन नको, तिथे लॉकटाइट 574 सारखा, हवेत न सुकता दोन धातूंच्या मध्ये हवा नसताना घट्ट होणारा सीलंट, तोही पातळ थरात.

तरीही सगळीकडूनच गळतंय?

मग सीलचा पिच्छा सोडा आणि आतलं प्रेशर बघा. पिस्टनच्या रिंग झिजल्या की कंबशनचा गॅस क्रँककेसमध्ये शिरतो, किंवा ब्रीदरचा पाइप चिकट्याने तुंबतो, आणि आत दाब वाढला की नवं गॅस्केटही ऑइल बाहेर ढकलतं. ब्रीदरचे सगळे पाइप काढून आतून साफ करा, फुंकून बघा. सीआयएस (सतत पेट्रोल फवारणाऱ्या यांत्रिक) इंजेक्शनची गाडी असेल तर आयडलवर ऑइलचं झाकण उघडा, इंजिनाचा सूर बदलला, अडखळलं, तर सिस्टीम हवाबंद आहे. काहीच फरक पडला नाही तर आधीच कुठूनतरी हवा आत जातेय, झाकणाच्या रबरापासून सुरुवात करा. त्यानंतर लीक-डाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती निसटते ते बघणं.

पातळ सिंथेटिक ऑइल टाकल्यावर गळती सुरू झाली असेल तर मॅन्युअलमधल्या ग्रेडवर परत या. गळती थांबवणाऱ्या बाटल्या मात्र टाकू नका, त्या रबर फुगवतात, आणि सगळं रबर सारखं फुगत नाही.

काम झाल्यावर परत धुवा, पावडर मारा, शंभरेक किलोमीटर चालवा. गरम-गार असे तीन-चार फेरे झाले की थंड इंजिनावर कव्हरचे नट टॉर्क रेंचने एकदा तपासा, गॅस्केट बसतं आणि नट किंचित सैल होतात, पण 8 च्या पुढे नाही. जुना पुठ्ठा त्याच खुणांवर परत अंथरा आणि नवीन ठिपक्यांना वेगळ्या रंगाच्या पेनने गोल करा. माझ्या पुठ्ठ्यावर सध्या लाल गोल एकच आहे, डाव्या चेन कव्हरच्या खाली, आठवड्याला एक थेंब. तिथलं गॅस्केट आणून ठेवलंय.